घरबसल्या सातबारा, आणि एका फाईलने रिकामं होणारं खातं : गावातल्या इंटरनेटचे फायदे-तोटे

सातबाऱ्यासाठी पूर्वी तलाठ्याची वाट बघावी लागायची. साहेब सजावर नसले की पुन्हा चक्कर, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. आता डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मोबाईलवरच निघतो. त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. २०२१ पासून पीक पेऱ्याची नोंदही शेतकरी स्वतः ई-पीक पाहणी ॲपवरून करतो. ज्या शिवारात रेंज नाही तिथे मात्र हीच सोय डोकेदुखी होते, हेही खरं.

पावसाळ्याच्या तोंडावर रानात काम करणाऱ्यांनी ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये ठेवावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केलं असून आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते आधी इशारा देतं.

बाजारभावाचंही तसंच. व्यापारी बांधावर येऊन भाव सांगतो, तेव्हा लासलगावचा कांदा आज काय दराने गेला हे तिथेच बघता येतं. फक्त बघताना ‘सर्वसाधारण दर’ बघायचा. ग्रुपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये बहुतेक वेळा ‘कमाल दर’ तेवढा ठळक असतो. तो एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असतो आणि त्याच्या भरवशावर गाडी भरून नेणाऱ्याची निराशा होते.

आता तोट्याची बाजू. सध्या सर्वात घातक आहे ती व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाईल. नाव असतं पीएम किसान यादी, लग्नपत्रिका, नाहीतर वाहनाचं चलन. ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते, म्हणून लोक बिनधास्त उघडतात. पण पाठवणारा तो माणूस नसतोच. त्याचा मोबाईल आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. फाईल उघडली की ॲप बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर ठगाला दिसू लागतो. पीएम किसानची केवायसी सरकारी पोर्टलवर किंवा आपले सरकार केंद्रात होते. त्यासाठी व्हॉट्सॲपवरून कुठलीही फाईल घ्यावी लागत नाही.

चुकून फाईल उघडलीच तर लगेच मोबाईलचं नेट बंद करा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० या नंबरवर तक्रार नोंदवा. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणारेच जास्त नुकसानीत जातात. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येतात.

दुसरी फसवणूक जनावरांच्या ऑनलाइन खरेदीतली. म्हैस न बघताच गिऱ्हाईक ॲडव्हान्स द्यायला तयार होतं आणि ‘पैसे येण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणतं. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपलेच जातात. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात ‘डिजिटल अटक’ करणारेही ठगच. असली अटक कायद्यात नाही.

पैशाचं नुकसान एकवेळ भरून निघेल, अफवेचं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, त्यातले बहुतेक मूळ मंगळवेढा तालुक्यातले. त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळीचे खोटे मेसेज मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एकावेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आणली. अनोळखी माणूस गावात दिसला तर पोलीस पाटलाला सांगावं किंवा ११२ ला फोन करावा. ग्रुपवर फोटो टाकू नये.

राहता राहिली पोरं. रील बघताना त्यांचा अभ्यास कधी मागे पडतो ते कळत नाही, आणि मोठी माणसं स्वतःच फोनवर असली की बोलायला तोंड राहत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर तोडगा काढला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की गावात दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांचाही आणि आईबापांचाही.