उरलेल्या त्वचेचा इतिहास

नागपुरातील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. 'ग्रामगीता'कार तुकडोजी १९६८ साली कर्करोगानेच गेले. अशा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा देहातून किती काढावे, या वादाचा इतिहास आहे.

हाल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढण्याची पद्धत मांडली. पुनर्रचनेला त्यांचा विरोध होता. पुढच्याच वर्षी चेर्नी यांनी रुग्णेच्याच अंगावरची चरबीची गाठ स्तनाच्या जागी बसवल्याचे प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये हार्ट्रॅम्प यांनी पोटावरची त्वचा व चरबी छातीकडे वळवली.

येथेच स्थूल स्त्रीचा पेच सुरू होतो. द्रव्य मुबलक, पण जखम चिघळण्याचा, वळवलेली ऊती मरण्याचा धोकाही अधिक. २०१२ मध्ये रिचर्डसन आणि मा यांनी परीकथेतल्या गोल्डिलॉक्सचे नाव दिलेली पद्धत सांगितली: स्तन काढल्यावर उरलेल्या त्वचेचीच घडी घालून उंचवटा घडवायचा. 'स्थूल आहे, म्हणून नको' या उत्तराला त्यामुळे पर्याय मिळाला.

एखादीला सपाट छातीच हवी असेल, तर तो निर्णयही तिचाच. मात्र तो घेण्यापूर्वी हे सारे पर्याय तिला तिच्या मराठीत कळले पाहिजेत.