स्तुती, कबुली, क्षमा: दक्षिण भारतातील एका उपासनाविधीची वाटचाल

जानेवारी १९५० मध्ये मदुराईला चर्च ऑफ साउथ इंडियाची सिनड भरली, तेव्हा प्रभुभोजनाचा एक नवा विधी पहिल्यांदा वापरला गेला. मंडळीचे वय तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च अशा तीन मंडळ्या एक झाल्या होत्या. त्यातल्या तिसरीत प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोक १९०८ पासूनच एकत्र नांदत होते. एकीची बोलणी १९१९ साली तरंगमबाडीच्या बैठकीपासून चालू होती. तिथे पुढाकार घेणारे बिशप अझरिया १९४५ च्या पहिल्याच दिवशी वारले. एकी पाहायचे त्यांच्या नशिबी नव्हते. अठ्ठावीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर घटना ठरली, बिशप ठरले. पण रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून गुडघे टेकायचे ते कोणत्या शब्दांनी, हे ठरायचे राहिलेच होते.

हा प्रश्न वरवरचा नव्हता. अँग्लिकनांच्या हाती छापील प्रार्थनाग्रंथ. त्यात प्रभुभोजनाच्या वेळची पापकबुली उपदेश आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेनंतर येते, पाळक पापक्षमा जाहीर करतो, आणि ‘परमउंचामध्ये देवाला गौरव’ हे मोठे स्तवन येते थेट शेवटाला. १५४९ च्या पहिल्या ग्रंथात ते आरंभी होते. ग्रंथाचा कर्ता आर्चबिशप क्रॅन्मरने १५५२ साली ते उचलून शेवटी नेले. त्याच वर्षी रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेच्या तोंडाशी सामुदायिक कबुली आली. काँग्रिगेशनल परंपरेत मात्र छापील प्रार्थनेविषयीच संशय. पाळकाने मनातून प्रार्थना करावी, आणि क्षमेचे आश्वासन द्यायचेच तर ते पवित्र शास्त्रातले वचन वाचून द्यावे. माणसाने माणसाला ‘तुझ्या पापांची क्षमा झाली’ असे सांगणे त्यांना रोमच्या वळणाचे वाटे. हा पेच जुनाच. कबुलीनंतर क्षमेची घोषणा व्हावी अशी त्यांच्या परंपरेचा मूळ धर्मसुधारक खुद्द कॅल्व्हिन याची इच्छा होती. स्ट्रासबुर्गमध्ये ते जमले, जिनिव्हाच्या लोकांनी मात्र त्याला जमू दिले नाही.

उपासना समितीचे निमंत्रक होते लेस्ली ब्राउन. ते त्रिवेंद्रमच्या सेमिनरीत शिकवत आणि केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन उपासनेशी त्यांचा जवळून परिचय होता. पुढे ते युगांडाचे आर्चबिशप झाले. ग्रेगरी डिक्स यांचा उपासनेच्या घडणीवरचा इंग्रजी ग्रंथ १९४५ साली आला होता. आरंभीच्या शतकांतल्या मंडळीची उपासना कशी उभी होती, ते त्यामुळे समितीसमोर होते. एकाची दोन पाने, दुसऱ्याची दोन पाने अशी वाटणी करून तिन्ही पक्षांची समजूत घालता आली असती. समितीने ते केले नाही. तिने घडण नव्याने मांडली, आणि माझ्या मते या मंडळीने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

ती घडण अशी. लोक उभे असतात. पवित्र शास्त्र आत आणले जाते. पाळक मेजाच्या मागे, लोकांकडे तोंड करून उभा राहतो. पन्नास साली ही गोष्ट नवलाची होती. बहुतेक अँग्लिकन देवळांत तो पूर्वेकडे तोंड करून किंवा मेजाच्या उत्तर बाजूला उभा राही. अंतःकरणे ज्याच्यापुढे उघडी आहेत त्या देवाला केलेली छोटी प्रार्थना झाली की स्तुती येते. शेवटाला गेलेले ते मोठे स्तवन इथे पुन्हा आरंभी आले. त्याच्याऐवजी पूर्वेकडच्या मंडळ्यांतले ‘पवित्र देव, पवित्र सामर्थ्यवान’ हे त्रिवार पवित्रतेचे स्तवनही म्हणता येते. स्तुतीनंतर डीकन लोकांना कबुलीसाठी बोलावतो. सगळे गुडघे टेकतात. काही वेळ कुणीच बोलत नाही, आणि मग पाळकासकट सगळे एका सुरात पाप कबूल करतात.

स्तुती आधी आणि कबुली नंतर, या क्रमाला मी फार किंमत देतो. आपण किती चुकलो हे माणसाला स्वतःकडे पाहून कळत नाही; तिथे सबबी तयार असतात. देवाच्या पवित्रतेचे गाणे ओठांवर असतानाच त्या सबबी गळून पडतात. यशयाला मंदिरात झालेल्या दर्शनाचा क्रमही हाच. आधी सेराफीमांचे ‘पवित्र, पवित्र’, मग ‘मी अशुद्ध ओठांचा माणूस’ ही त्याची कबुली, आणि मग निखारा ओठांना लागून झालेली शुद्धी.

कबुलीनंतरचा तिढा समितीने फार सुंदर सोडवला. आधी शास्त्रातली कृपेची वचने ऐकवायची: कष्टी आणि भाराक्रांत लोकांना ख्रिस्ताने दिलेले बोलावणे, देवाने जगावर केलेली प्रीती, पाप्यांना तारायला ख्रिस्त आला हे पौलाचे वचन. मग पाळक उठून क्षमा जाहीर करतो. अँग्लिकनांच्या प्रार्थनाग्रंथात हा क्रम उलटा होता, घोषणा आधी आणि वचने नंतर. क्रम फिरवताच पाळकाची घोषणा वचनाच्या आधारावर उभी राहिली. काँग्रिगेशनलांना हवे असलेले शास्त्र मिळाले, अँग्लिकनांना हवी असलेली मोठ्याने उच्चारलेली क्षमाही मिळाली. त्या घोषणेत एक भरही पडली: क्षमेचे वचन आपल्या बांधवांना क्षमा करणाऱ्यांसाठी आहे. काल-परवापर्यंत एकमेकांच्या मेजाला न बसणाऱ्यांनी हे शब्द एकत्र ऐकायचे होते.

ही भर हातांपर्यंत पोहोचते. अर्पणाच्या सुमारास ‘शांती’ दिली जाते, सिरियन परंपरेतून घेतलेली. देणाऱ्याने आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्याला लावायचा, दोघांनी डावा हात वरून मिटायचा, आणि घेणाऱ्याने तीच पुढच्याला द्यायची. मेजापासून निघालेली शांती अशी शेवटच्या रांगेपर्यंत जाते. जिथे स्पर्शावर जातीचा पहारा होता तिथे हा विधी आला, म्हणून त्याचे वजन मोठे.

मराठी वाचकाने इथे तंजावर आठवावे. सरफोजीराजे आणि तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री, दोघेही मिशनरी श्वार्ट्झच्या हाताखाली शिकलेले. शास्त्रींना राजाश्रयही मराठ्यांच्याच दरबारात मिळाला. त्यांची कीर्तने आजही तमिळ मंडळ्या गातात. स्तुतीला इथल्या मातीचा सूर देणाऱ्यांत त्यांचे नाव फार वरचे. पण मिशनऱ्यांनी देवळातल्या जातवार बैठकी मोडायला घेतल्या, तेव्हा याच शास्त्रींनी विरोध केला. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतून जात काढून टाकण्याचा हुकूम दिला, तरी ती गेली नाही. आजही दलित ख्रिस्ती माणसाला मंडळीत हा डंख सोसावा लागतो. रोजची कबुली ‘आम्ही’ अशी अनेकवचनी असते. त्या ‘आम्ही’त हे पाप नाव घेऊन आले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

पुढची वाटचाल थोडक्यात. विधीची सुधारित आवृत्ती १९५४ ला आली आणि पूर्ण उपासनाग्रंथ १९६३ ला. १९७२ साली भाषा आजची झाली. १९८५ च्या पर्यायी विधीत प्रवेश, प्रबोध, स्मरण-समर्पण, दर्शन आणि प्रेषण अशी अंगे आली. २००६ ला नवा ग्रंथ निघाला. एकीवर इंग्लंडमध्ये कडाडून टीका झाली होती; कवी टी. एस. एलियट यांनी तर १९४३ सालीच या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याच इंग्लंडातल्या देवळांत पुढच्या काही दशकांत लोक एकमेकांना शांती देऊ लागले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले नगरचे लोक आणि मुंबई-नाशिकचे अँग्लिकन एका छताखाली आले. स्तुतीसाठी त्यांच्याजवळ ना. वा. टिळकांची भजने होतीच. आता कबुली आणि क्षमेचे शब्दही एकमेकांजवळ बसून म्हणायचे होते, आणि ते कसे जमते हे मदुराईने वीस वर्षे आधी करून दाखवले होते.