आठ आण्यांचा कुत्रा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मे महिन्यात दुपारी माणूस काय, कावळाही दिसत नाही. अशा उन्हात आमच्या शेजारच्या बंद शेडच्या आवारात, गंजक्या कंटेनरखाली एक कुत्री व्याली. पाच पिल्लं. तिच्या गळ्यात विटलेला लाल पट्टा होता, म्हणजे कुणीतरी पाळलेली. इथे हे नेहमीचंच. दोन-तीन वर्षं कुत्रं नाहीतर मांजर लाडात वाढवायचं आणि नोकरी संपली की 'फायनल एक्झिट'च्या शिक्क्याबरोबर त्यालाही सोडून द्यायचं. विमानाच्या तिकिटाची चौकशीसुद्धा न करता!

कॅन्टीनमध्ये वाद झाला. एक म्हणाला दूध घाला, दुसरा म्हणाला सवय लावू नका. सेफ्टीवाले साहेब म्हणाले, "चावली तर जबाबदार कोण?"

प्रश्न बरोबर होता. पण तो फार जुना आहे, आणि त्याचं उत्तरही कुणीतरी लिहून ठेवलंय.

झरथुष्ट्री लोकांचा 'वेंदिदाद' नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या तेराव्या आणि पंधराव्या प्रकरणांत कुत्र्यांविषयी चक्क कायदे आहेत. कुत्र्याला वाईट अन्न दिलं तर शिक्षा. राखणीच्या कुत्र्यासाठी जास्त, भटक्यासाठी कमी, पण शिक्षा दोघांसाठीही! आणि बेवारस कुत्री व्याली तर? ज्याचं घर किंवा गोठा सगळ्यात जवळ, त्याने तिला सांभाळायचं, आणि पिल्लं आपल्या पायावर उभी राहीपर्यंत त्यांनाही. पाळली कुणी हा प्रश्नच नाही. जवळ कोण, एवढंच बघायचं.

गंमत म्हणजे हा कायदा मानणारे लोक इथे सोहारलाही होते. इस्लामपूर्व काळात ओमानच्या या किनाऱ्यावर सासानी इराणचा अंमल होता. सातव्या शतकात जुलंदा घराण्यातल्या जैफर आणि अब्द या भावांनी इस्लाम स्वीकारला आणि इराणी सत्ता इथून गेली. पुढे इराणातूनही काही झरथुष्ट्री निघाले आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागले. तेच आपले पारशी. येताना कुत्र्याचा मानही घेऊन आले. माणूस गेला की प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायची, हा त्यांचा 'सगदीद' विधी. त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम. आपल्या ऋग्वेदातले यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच. असो, विषयांतर होतंय.

आता मुंबई. इंग्रजांनी तिथे उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची परवानगी दिली होती. १८३२ साली ही मुदत वाढवली. प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे. त्या काळी आठ आणे म्हणजे चेष्टा नव्हे. मग व्हायचं तेच झालं. मोकाट कुत्रं पकडायला पळावं लागतं, घरचं मात्र दारातच बसलेलं असतं. शिपाई लोकांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्री मारू लागले. ६ जून १८३२ ला फोर्टात पारशांनी शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, इस्माइली व्यापारीही सामील झाले आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खोटी नव्हती. पाश्चरची लस यायला १८८५ साल उजाडायचं होतं, आणि रेबीज झाला की माणूस गेलाच. चूक भीतीत नव्हती, आठ आण्यांत होती.

जमशेटजी जीजीभॉय मध्ये पडले आणि तडजोड निघाली ती अशी, की कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची. वाचताना मी इथे अडखळलो. बाहेर म्हणजे कुठे? तिथलं सगळ्यात जवळचं घर कुणाचं? जमशेटजींनाही हे खटकलं असावं. कारण १८३४ साली त्यांनी आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून घेतली. जमशेटजींच्या संपत्तीत चीनच्या अफूचा पैसा होता, हेही लपवायला नको. पण 'मारू नका' म्हणणाऱ्याने चाऱ्याचा खर्चही उचलला, हे मला त्या दंग्यापेक्षा मोठं वाटतं. त्या वाड्यात आज मुख्यतः गाई दिसतात.

वाद मात्र संपला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश दिला. मग अकरा दिवसांत तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथली तिथे सोडा, पिसाळलेली आणि हल्ले करणारी तेवढी ठेवा. जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा तोच पेच. फरक एवढाच की आता लस आहे.

कॅन्टीनमध्ये मी वेंदिदादचा कायदा सांगितला. सगळे हसले. सेफ्टीवाले साहेब म्हणाले, "मग मोजा." संध्याकाळी आम्ही दोघं खरंच गेलो. पलीकडच्या कारखान्याच्या गेटपासून कंटेनर त्रेपन्न पावलं, आमच्या गेटपासून चाळीस. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि जनावरांच्या डॉक्टरचा नंबर शोधायला लागले. मी पाण्याची बादली आणायला गेलो.