विणकराची मजुरी : दोन शतकांचा हिशेब

आम्ही मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे पोट यंत्रमागाच्या खडखडाटावर चालते. कुणाचा बाप माग चालवतो, कुणाची आई घरी कांड्या भरते, कुणाचा मोठा भाऊ सायझिंगमध्ये जातो. अशा वर्गात औद्योगिक क्रांतीचा धडा शिकवणे अवघड असते. धड्याचा सूर ठरलेला : यंत्रे आली, उत्पादन वाढले, माल स्वस्त झाला, माणूस सुखी झाला. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, कपड़ा बढ़ा तो मजदूरी क्यों नहीं बढ़ी?" तास संपायला पाच मिनिटे होती. 'उद्या सांगतो' म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते राहून गेलेले उत्तर इथे मांडतो आहोत.

सुरुवात इंग्लंडमधल्या लँकेशायरपासून करावी लागते, कारण आमच्या मागाचे मूळ तिथे आहे. कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट १७८५ साली घेतले. पण यंत्र आले आणि दुसऱ्याच दिवशी विणकर देशोधडीला लागला, असे घडले नाही. आधी सूत कातण्याची यंत्रे आली, सुताचा महापूर आला आणि ते विणायला हात कमी पडू लागले. काही वर्षे हातमाग विणकराची चैन होती. १८०५ च्या सुमारास बोल्टन गावातला विणकर आठवड्याला २५ शिलिंगांपर्यंत कमवत होता. १८३० च्या सुमारास त्याच गावात त्याच कामाचे पाच-सहा शिलिंग मिळू लागले. पंचवीस वर्षांत मजुरी पाचवा हिस्सा उरली.

हे सारे यंत्राने केले म्हणावे, तर आकडे वेगळे सांगतात. १८१३ साली साऱ्या ब्रिटनमध्ये यंत्रमाग होते अवघे २,४०० च्या आसपास. १८३३ पर्यंत ते एक लाखाच्या घरात गेले. म्हणजे घसरण सुरू झाली तेव्हा यंत्र दाराशीसुद्धा नव्हते. झाले असे की हे काम लवकर शिकता येई, म्हणून खेड्यातला प्रत्येक रिकामा हात त्यात शिरला. १८१५ साली युद्ध संपले आणि सैनिक घरी परतले. विणकर घराघरात विखुरलेला, आणि एकत्र येऊन मजुरी मागणे हा १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी गुन्हा ठरवलेला. विणकरांनी किमान मजुरीचा कायदा मागितला. १८०८ साली पार्लमेंटने तो फेटाळला. १८३५ च्या सुमारास पुन्हा प्रयत्न झाला, तोही फेटाळला गेला. बाजाराच्या कामात सरकारने हात घालू नये, असा युक्तिवाद होता. गंमत अशी की मजुरांना एकत्र येण्याची बंदी घालताना याच सरकारचा हात बाजारात चांगला कोपरापर्यंत बुडालेला होता.

रॉबर्ट ॲलन या अर्थ-इतिहासकाराने १७८० ते १८४० या काळाचा हिशेब मांडला आहे. त्याच्या मते या साठ वर्षांत ब्रिटनमध्ये दर कामगारामागचे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले; खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा करून उरते ती, वाढली फक्त १२ टक्क्यांनी. या काळाला त्याने एंगेल्सचे नाव दिले. एंगेल्स हा सूतगिरणीत भागीदार असलेल्या बापाचा मुलगा. धंदा शिकायला मँचेस्टरला आला आणि मजुरांच्या वस्त्या पाहून १८४५ साली पुस्तक लिहून बसला.

पण इथेच थांबणे बेइमानी होईल. एंगेल्सचे पुस्तक आले त्याच सुमारास वारे फिरू लागले. १८२४ साली संघटनेवरची बंदी उठली होती. १८४६ साली धान्यावरच्या आयात-कराचा कायदा रद्द होऊन पुढे भाकरी स्वस्त झाली. १८४७ साली स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला, १८६७ साली शहरातल्या बऱ्याच मजुरांना मताचा हक्क मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या मजुराची खरी मजुरी निश्चित वाढली. तेव्हा भांडवलशाहीत सामान्य माणसाचे कधी भले होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. झाले, पण दोन पिढ्या मातीत गेल्यावर, आणि आपोआप झाले नाही.

आता आमच्या घराकडे वळू. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि त्यानंतरच्या दुष्काळांत आझमगड, बनारस, इलाहाबाद या भागांतले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले. कुणी कामठीला थांबले, कुणी बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगावला, कुणी भिवंडीला, कुणी थेट मुंबईच्या मदनपुऱ्यात. आमचे पणजोबाही त्याच वाटेने आले, असे घरात सांगतात. कोणत्या साली, ते कुणालाच माहीत नाही. ज्या लँकेशायरच्या कापडाने बनारसकडचा माग बसवला, तसल्याच यंत्रांवर मुंबईत त्यांची मुले-नातवंडे उभी राहिली. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मुसलमान जुलाहे मोठ्या संख्येने होते आणि गिरणीत या खात्याची मजुरी बरी होती. आमच्या वाट्याला ते खाते आले यामागे एक कारण असेही होते की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित बांधवांना तिथे शिरू देत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उठवला. आमच्या बऱ्या मजुरीला दुसऱ्याच्या वगळले जाण्याची किनार होती, हे आम्ही विसरू नये.

त्या १९२८ च्या संपाच्या मुळाशी पुन्हा हाच प्रश्न होता. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, असे मालकांना हवे होते. तिसऱ्या मागाचे कापड कुणाचे? सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. पुढे दर ठरवून घेण्याची पद्धत आली, महागाई भत्ता आला, गिरणी कामगाराला शहरात प्रतिष्ठा आली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगाव मोडले.

पण कापड मोडले नाही. ते भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला आले. संपाच्या दिवसांत गिरण्यांचे काम आमच्या शेडमध्ये होऊ लागले, माग वाढले, आणि आमच्यातल्या काही घरांना बरकत आली. इथे लेखणी जड होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची अट होती. मग एकाच छपराखाली चार नावांनी चार कारखाने झाले : एक सेठच्या नावावर, एक बायकोच्या, एक मेहुण्याच्या. २०२० च्या संहितेने ती मर्यादा वीसवर नेली, म्हणजे मेहुण्याचीही गरज उरली नाही. एक माणूस चार माग चालवू लागला, कुठे सहा, कुठे आठ. दर मीटरवर, हजेरीपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. माग बंद तर मजुरी बंद. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे साऱ्या देशाला दिसले; भिवंडीहून लोक पायी निघाले, आपले पणजोबा आले होते त्याच दिशेला उलटे.

सेठ आमचा, मजूर आमचा, मशीद एक. म्हणून हा प्रश्न आमच्या जलशांत येत नाही. दंगलींवर आम्ही बोललो, आणि बोलायलाच हवे होते. २००६ च्या सच्चर अहवालाने सांगितले की मुसलमान पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या वा घरगुती धंद्यात जास्त आहे. ते वाचून आम्ही सरकारकडे बोट दाखवले, तेही रास्तच. पण घरगुती धंद्यात मजुरीचा दर कोण ठरवतो, हे विचारायला आमची जीभ रेटत नाही.

मोठे चित्रही फार निराळे नाही. २०२४ च्या 'भारत रोजगार अहवाला'नुसार २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत रोजंदारीवरच्या मजुराची खरी मजुरी थोडीशी वाढली. नियमित पगारदाराची जागच्या जागी राहिली किंवा घटली. आम्हा शिक्षकांचा दाखला तर डोळ्यांसमोरचा. राज्यात शिक्षणसेवक योजना २००० साली आली. मधल्या वाढीनंतर प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन ६,००० रुपयांवर थबकले ते जवळजवळ दशकभर. २०२३ मध्ये १६,००० झाले. त्या दशकात आम्ही बी.एड. होऊन तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि मागवाला शेजारी आम्हाला 'सरकारी आदमी' समजून उधार मागत होता.

दुसरी बाजूही खरी आहे. आईन-ए-अकबरीत, १५९५ च्या सुमारास, साध्या मजुराची रोजी २ दाम आणि गहू मणाला १२ दाम आहे. तो मण सुमारे २५ किलोंचा. म्हणजे दिवसाची मजुरी चार किलो गव्हाची. अशोक देसाईंनी १९७२ साली यावरून अकबराच्या मजुराचे पोट नंतरच्या काळातल्या मजुरापेक्षा चांगले भरत असावे असे मांडले, आणि इतिहासकारांत मोठा वाद झाला. पण अन्न स्वस्त असले तरी कापड महाग होते. आमच्या आजीकडे दोन जोड होते, एक अंगावर, एक दोरीवर. आज आमच्या वर्गात ईदला नवा जोड नसलेले मूल विरळा. हे आमच्याच मागांनी केले. कापड स्वस्त झाले हे धड्याचे म्हणणे खोटे नाही. ते स्वस्त कुणाच्या खर्चाने झाले, एवढाच भाग धड्यात नाही.

उत्तर द्यायला आम्ही शेवटी आईन-ए-अकबरीचीच रीत धरली. मुलांना सांगितले, घरी विचारून या : आजोबांच्या आठवड्याच्या मजुरीत किती किलो पीठ येत होते, अब्बांच्या मजुरीत किती येते? शनिवारी वह्या आल्या. कुणी पायलीत लिहिले, कुणी किलोत. एका मुलीच्या दादीने सांगितले होते, पीठ तेव्हाही गुरुवारपर्यंत संपायचे.

ज्याने प्रश्न विचारला होता त्याची वही कोरी होती. आम्ही विचारले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "अब्बा बोले, ये सब कॉपी में मत लिख. सेठ का लड़का भी उसी क्लास में है."