जुन्या जाहिराती : स्वामित्वहक्क व न्याय्य वापर

वृत्तपत्रे, मासिके, दिनदर्शिका, भित्तिपत्रके व वेष्टने यांवर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जाहिराती इतिहासलेखनात, अध्यापनात किंवा समीक्षेत पुन्हा प्रसिद्ध करताना कोणाची अनुमती लागते व कोणत्या वापरास ती लागत नाही, हे ठरविणारे कायद्याचे नियम. जाहिरात दुर्मीळ झाली म्हणून ती सर्वांना खुली होत नाही. तसेच तिची मूळ प्रत विकत घेणाऱ्यास त्या कागदाची मालकी मिळते, पुनर्मुद्रणाचा हक्क मिळत नाही.

स्वरूप व मालकी : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ साली सर्कशीच्या रंगीत भित्तिपत्रकांविषयीच्या ब्लाइस्टीन विरुद्ध डोनाल्डसन लिथोग्राफिंग कंपनी या खटल्यात, चित्र जाहिरातीसाठी काढले एवढ्याच कारणाने त्याचे संरक्षण नाकारता येत नाही, असा निर्णय दिला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात जाहिरात हा स्वतंत्र वर्ग नाही; तिच्यातील मजकूर साहित्यकृती म्हणून, तर चित्र व छायाचित्र कलाकृती म्हणून संरक्षित असते, आणि त्यामुळे एकाच पानावर निरनिराळ्या व्यक्तींचे हक्क एकत्र नांदू शकतात. दोन-चार शब्दांच्या घोषवाक्यास मात्र साधारणतः साहित्यकृतीचे संरक्षण मिळत नाही. कलावंत पगारी नोकर असेल, तर विरुद्ध करार नसल्यास पहिली मालकी मालकसंस्थेची असते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची किंवा रंगचित्राची पहिली मालकी ते काढविणाऱ्याकडे जाते. मात्र स्वतंत्र लेखकाने लिहून दिलेल्या मजकुराचा हक्क लेखी हस्तांतरणावाचून उत्पादकाकडे जात नाही.

मुदत : भारतात निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो, ही मुदत पूर्वी ५० वर्षे होती व १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. यानुसार १९४४ साली निधन पावलेले चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क २००४ च्या अखेरीस संपुष्टात आला. ज्या जाहिरातींवर निर्मात्याचे नाव नसते व तो अन्य मार्गानेही उघड झालेला नसतो, त्यांच्या बाबतीत हीच ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जातात. म्हणून १९५५ सालच्या निनावी जाहिरातीची मुदत २०१५ अखेर संपते. छायाचित्रांसाठी असलेली प्रकाशनापासूनच्या मुदतीची वेगळी तरतूद २०१२ साली रद्द झाली. मुदत संपलेल्या जाहिरातीची हुबेहूब यांत्रिक प्रत काढल्याने नवा हक्क निर्माण होतो असे मानणेही कठीण आहे. कारण भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक (२००८) या खटल्यात केवळ श्रम व भांडवल पुरेसे नसून किमान सर्जनशीलता आवश्यक आहे, असे ठरविले.

न्याय्य वापर : हक्काची मुदत चालू असतानाही अधिनियमाचे कलम ५२ खासगी वापर व संशोधन, त्या किंवा अन्य कृतीची समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन या ठरावीक हेतूंसाठी अनुमतीविना न्याय्य वापर करू देते. वापर न्याय्य आहे की नाही हे पाहण्यासाठी केरळ उच्च न्यायालयाने सिविक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा (१९९६) या खटल्यात घेतलेल्या भागाचे प्रमाण व मोल, घेण्याचा हेतू आणि मूळ कृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता या कसोट्या लावल्या. एखाद्या साबणाच्या जाहिरातीतील स्त्रीप्रतिमेचे विश्लेषण करताना ती जाहिरात दाखविणे या तरतुदीत बसू शकते; तीच जाहिरात शोभेसाठी छापणे किंवा तिच्या प्रती विकणे यांस समीक्षेचा आधार मिळत नाही.

अमेरिकी कायद्यात हेतूंची अशी बंदिस्त यादी नसून वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम हे चार घटक एकत्र तोलले जातात. बिल ग्रॅहम आर्काइव्ह्ज विरुद्ध डॉर्लिंग किंडर्स्ली (२००६) या खटल्यात एका संगीतवृंदाच्या सचित्र इतिहासात त्याच्या कार्यक्रमांची भित्तिपत्रके लहान आकारात व कालक्रमाने छापणे न्याय्य ठरले; कारण प्रेक्षक खेचण्याचे त्यांचे मूळ कार्य मागे पडून ती ऐतिहासिक पुरावा म्हणून आली होती. तेथे १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या व हक्क टिकून राहिलेल्या कृतींची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे आहे. परदेशी कृतीस भारतात तिच्या मूळ देशापेक्षा अधिक मुदत मिळत नाही.

संलग्न हक्क : जाहिरातीतील नाव व चिन्ह यांना १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे संरक्षण असू शकते, नोंदणीचे दर १० वर्षांनी नूतनीकरण होत असल्याने ते अनिश्चित काळ टिकते. बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडविलेल्या एअर इंडियाच्या महाराजाविषयी लिहिणे आणि तो महाराजा आपल्या मालावर छापणे यांत म्हणूनच मूलभूत भेद आहे. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ नुसार निर्मात्यास श्रेय मिळविण्याचा व कृतीच्या मानहानिकारक विकृतीस हरकत घेण्याचा नैतिक हक्क असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर विकृतीविरुद्धच्या हरकतीवर स्वामित्वहक्काच्या मुदतीचे बंधन राहिलेले नाही.

अज्ञात मालक : अनेक जुन्या कंपन्या व जाहिरातसंस्था बंद पडल्याने हक्कधारक सापडत नाही. अशा वेळी कलम ३१-अ अन्वये, देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव प्रसिद्ध करून अनुज्ञप्तीसाठी अर्ज करता येतो; परंतु एखाद-दुसऱ्या चित्रासाठी ही प्रक्रिया अभ्यासकास फार जड पडते.

महत्त्व : नियतकालिकांचे खंड बांधताना जाहिरातींची पाने पुष्कळदा काढून टाकली गेली असल्याने वस्तूंच्या किमती, पोशाख, औषधे आणि कुटुंबातील भूमिका यांविषयीचा मोठा पुरावा नष्ट झाला आहे. १९२० साली कारखान्याचे प्रसिद्धिपत्र म्हणून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढे मराठीतील महत्त्वाचे मासिक झाली, यावरून जाहिरात व वाङ्मयव्यवहार यांचे नाते किती निकटचे होते ते दिसते. म्हणून उरलेल्या जाहिरातींचा अभ्यास हक्कभंगाच्या भीतीने सोडून देणे इतिहासाच्या हिताचे नाही. प्रकाशनाचे नाव व दिनांक, चित्रकाराची स्वाक्षरी आणि जाहिरातसंस्थेचा उल्लेख यांची नोंद ठेवणे, विवेचनास आवश्यक तेवढाच भाग घेणे व श्रेय देणे ही पथ्ये पाळणाऱ्या अभ्यासकासाठी कायद्याने पुरेशी जागा राखून ठेवली आहे.