तिकिटातला सरकारचा वाटा

मराठी चित्रपटाला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा मूळ पुरुष शोधायला निघालं, तर तो कुणी रसिक मंत्री निघत नाही, की संस्थानी दरबारातला आश्रयदाता. निघतो तो एक कर. आणि तोही परक्या मुलखात, लढाईचा खर्च भागवण्यासाठी बसवलेला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तिजोरीला ओढ लागली, तेव्हा मे १९१६पासून तिथल्या नाटक-सिनेमांच्या तिकिटांवर करमणूक कर सुरू झाला. युद्धापुरता म्हणून आणलेला हा कर उठायला १९६० साल उजाडलं. तोवर त्याची संतती आपल्याकडे चांगली रुजली होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर प्रांतिक सरकारांच्या अंगावर खर्चाची नवी खाती पडली, पण उत्पन्नाची साधनं थोडी. बंगालने १९२२मध्ये करमणुकीवर कर लावला, मुंबई इलाख्याने १९२३मध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’ येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. धंदा अजून पायावर उभा राहायचा होता आणि सरकार दारात वाटा मागायला हजर.

सरकार सिनेमाकडे कोणत्या नजरेने पाहत होतं, हे पाहायचं तर राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी. राज्यांच्या सूचीतली ६२वी नोंद १९५० साली अमलात आली ती अशी : चैनीच्या वस्तूंवरचे कर, आणि त्यांतच करमणूक, मनोरंजन, पैज व जुगार यांच्यावरचेही. बालगंधर्वांची गायकी असो की प्रभातचा बोलपट, कायद्याच्या पंगतीत पान मांडलेलं घोड्यांच्या शर्यतीशेजारी.

धंद्याकडून घेता, तर त्याला काही देणार का, हा प्रश्न मात्र लवकर उभा राहिला. १९२७मध्ये सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अमेरिकी चित्रपटांना शह देऊन साम्राज्यातल्या, म्हणजे मुख्यतः ब्रिटनच्या, चित्रपटांना इथे झुकतं माप मिळावं, हा त्यामागचा हेतू फारसा झाकलेला नव्हता. समितीपुढे म्हणणं मांडणाऱ्यांत दादासाहेब फाळकेही होते. १९२८च्या अहवालाने सरकारची पंचाईत केली. परक्याला झुकतं माप द्यायचं तर कशाला, देशी निर्मात्यालाच कर्ज द्या, कच्च्या फिल्मवरची जकात काढा, असं त्यात निघालं. अहवाल फडताळात गेला.

कर तेवढा वाढत राहिला. प्रांतांना कळून चुकलं होतं की सिनेमाचं तिकीट घेणारा माणूस दोन पैसे जास्त मोजतो आणि कुरकुर करत का होईना, आत जाऊन बसतो. अखेर ३० जून १९४९ रोजी देशभरच्या सिनेमागृहांनी या करांच्या निषेधार्थ पडदे बंद ठेवले. थोड्याच दिवसांत केंद्राने आणखी एक समिती नेमली. अध्यक्ष मुंबईचे स. का. पाटील, आणि सभासदांमध्ये व्ही. शांताराम. या समितीने १९५१मध्ये सुचवलं की चित्रपटांना भांडवल पुरवणारं महामंडळ हवं आणि शिक्षणासाठी संस्था हवी. दोन्ही गोष्टी यायला १९६० उजाडलं. संस्था आली ती पुण्यात, बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्या आवारात. शांतारामबापू ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, तिच्याच जागेत. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन कर्ज देऊ लागलं आणि १९६९मध्ये त्याच्याच पैशांतून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आला. पण ते कर्ज. मधल्या काळात, १९५४मध्ये, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक सुरू झालं आणि पहिलंच पदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. पदक घरात मांडता येतं. त्यातून पुढच्या चित्रपटाची फिल्म विकत घेता येत नाही.

याच काळात युरोपात एक साधा उपाय निघाला होता. फ्रान्सने १९४८मध्ये तिकिटांवर अधिभार बसवला आणि तो पैसा वेगळ्या निधीत ठेवून देशी निर्मात्यांनाच देऊ केला. ब्रिटनने १९५०मध्ये तिकिटातला थोडा भाग बाजूला काढून ब्रिटिश चित्रपटांना वाटायला सुरुवात केली. प्रेक्षकाचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न बुडता पडद्याकडेच परत फिरला. आपल्याकडे तो पाटबंधारे, पगार आणि रस्त्यांच्या खर्चात मिसळून जाई.

महाराष्ट्रात हे गणित १९७५मध्ये बदललं. सरकारने मराठी चित्रपटासाठी करपरताव्याची योजना आणली. तिची मुख्य अट मला आजही फार आवडते : तुमच्या चित्रपटाच्या तिकिटांवर जमलेला करमणूक कर तुम्हाला परत मिळेल, पण तुम्ही पुढचा मराठी चित्रपट काढलात तरच. फायदा खिशात घालून पुण्याला बंगला बांधायला निघालात तर काही नाही. कलेला उत्तेजन वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवून सरकारने फक्त एवढंच पाहिलं की निर्माता धंद्यात टिकला पाहिजे.

यात एक सोय अशी की चित्रपट चांगला की वाईट, हे मंत्रालयात कुणालाही ठरवावं लागत नव्हतं. ते काम बुकिंगच्या खिडकीवर होई. थिएटरचा मॅनेजर रोजचा डीसीआर, म्हणजे दिवसाच्या वसुलीचा तक्ता, भरायचा : कोणत्या वर्गाची किती तिकिटं गेली, मूळ दर किती, त्यावर कर किती. करमणूक कर निरीक्षक खेळ चालू असताना अचानक येऊन फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं मोजायचा आणि आतली डोकीही. निर्माता आणि वितरक या निरीक्षकावर भिस्त ठेवून असत, कारण थिएटरवाल्याने हिशेब लपवला तर त्यांचाही वाटा बुडे. परतावा आल्यावर तर निर्मात्याला प्रत्येक तिकिटाचा कर पक्क्या हिशेबात दिसायला हवा होता. ज्याच्या धंद्यावर कर, तोच आता कर नीट भरला गेलाय की नाही ते पाहू लागला. करवसुलीच्या इतिहासात असे प्रसंग फार नसावेत.

या योजनेचा कल कुणाकडे झुकणार, हे उघड होतं. ज्याची तिकिटं जास्त, त्याचा परतावा जास्त. ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडक्यांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांची रांग लावली होती, परताव्याच्या या रचनेत असा निर्माता सगळ्यात सुखी. त्याच १९७५ साली जब्बार पटेलांचा ‘सामना’ही आला आणि बर्लिनच्या महोत्सवात गेला. बर्लिनच्या टाळ्यांवर मात्र करमणूक कर लागत नाही, त्यामुळे त्यांचा परतावाही नाही. वेगळा चित्रपट काढणाऱ्यांची तक्रार होती की सरकार श्रीमंतालाच पैसे देतंय. तक्रार खरी होती. पण तो पैसा ज्याने आणला त्यालाच जात होता, हेही खरं.

पुढे मराठी चित्रपटावरचा करच माफ झाला. कर नाही म्हटल्यावर परतावा कशाचा? त्याची जागा अनुदानाने घेतली आणि मोजण्याचं माप पार बदललं. आता समिती चित्रपट बघते आणि गुण देते. गेल्या दशकातल्या नियमांनुसार ‘अ’ दर्जाला ४० लाख रुपये, ‘ब’ दर्जाला ३० लाख. बुकिंगच्या खिडकीची जागा परीक्षकांच्या गुणपत्रिकेने घेतली. त्यातून नव्या माणसांना आधार मिळाला, नाकारण्यात अर्थ नाही. २००४मध्ये ‘श्वास’ने पन्नास वर्षांनी ते राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, आताचं सुवर्णकमळ, मराठीत आणलं आणि त्यानंतर पहिलाच चित्रपट काढायला निघालेल्या मुलांची रीघ लागली. त्यांच्या हिशेबाच्या वहीत अनुदानाची ओळ आधीच लिहिलेली असे. दुसरीकडे अनुदानापुरतंच बजेट बसवून, शुक्रवारी लागून सोमवारी उतरणारे चित्रपटही निघू लागले. परताव्याच्या काळात असा चित्रपट काढण्यात शहाणपण नव्हतं, कारण प्रेक्षक आला नाही तर परत मिळायचं शून्य. माझ्या मते दोन्ही मापं एकत्र वापरायला हरकत नव्हती : थोडं गुणांवर, थोडं तिकिटांवर.

दरम्यान मूळ पुरुषच गेला. १०१व्या घटनादुरुस्तीने ६२वी नोंद बदलली. करमणुकीवर कर लावण्याचा राज्याचा अधिकार संपला आणि तो ग्रामपंचायती-नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांपुरता उरला. जुलै २०१७पासून तिकिटावर जीएसटी आला. यात मराठी चित्रपटाचं नुकसान झालं : इतकी वर्षं करमुक्त असलेलं तिकीट हिंदी-इंग्रजीच्या दरानेच कराच्या जाळ्यात सापडलं. नाटकांना तिकिटदराच्या मर्यादेपर्यंत सूट मिळाली, आधी २५० रुपयांपर्यंत आणि २०१८पासून ५०० रुपयांपर्यंत.

कर गेला तरी त्याची सवय गेली नाही. जानेवारी २०२०मध्ये ‘तान्हाजी’ करमुक्त करा अशी मागणी झाली, तेव्हा राज्य मंत्रिमंडळाने आपल्या वाट्याचा जीएसटी परत देण्याचा निर्णय घेतला. वेगळ्या नावाने आलेला तोच १९७५चा परतावा, फक्त पुढच्या मराठी चित्रपटाची अट न घालता, आणि तोही हिंदी चित्रपटाला. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’साठी तशीच मागणी झाली. त्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की महाराष्ट्राने करमणूक कर २०१७मध्येच कायमचा रद्द केला आहे, त्यामुळे इतर राज्यांसारखा तो माफ करायला आपल्याकडे उरलेलाच नाही.