धातूची छाया : पृष्ठवंशावरील शस्त्रक्रिया आणि चुंबकीय अनुनाद-प्रतिमा

वैद्यकीय साधनाची निवड त्या त्या काळच्या गरजांनुसार होते. परंतु शरीरात बसविलेले साधन पुढील काळातही तेथेच राहते. पाठीच्या कण्यातील धातूचा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी बालपक्षाघाताने कणा वाकलेल्या रुग्णांसाठी स्टेनलेस स्टीलच्या शलाका व आकडे योजिले आणि १९६२ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली. अशा धातूकडून बळकटी आणि गंजरोध यांची अपेक्षा असे. चुंबकीय प्रतिमेचा प्रश्न तेव्हा उद्भवणे शक्यच नव्हते. कारण पॉल लॉटरबर यांनी तिची कल्पना मांडली ती १९७३ मध्ये.

एम. आर. आय. यंत्रात ऊतकांतील हायड्रोजन-केंद्रकांचे स्थान त्यांच्या कंपनसंख्येवरून ठरते. धातूमुळे सभोवतालचे चुंबकक्षेत्र विकृत झाले की कंपनसंख्या बदलते व संकेत भलत्याच स्थानी मांडला जातो. परिणामी कोठे काळी पोकळी, तर कोठे अवास्तव उजळ कडा दिसते. पाण्याची चुंबकीय प्रवणता दशलक्षांशांत सुमारे उणे ९, टिटॅनियमची सुमारे १८०, तर शल्यकर्मातील पोलादाची काही हजार असते. म्हणजे लोहचुंबकाला न चिकटणारे पोलादही प्रतिमा बिघडवू शकते.

टिटॅनियमचा प्रसार झाल्यावर ही छाया आखूड झाली, नाहीशी झाली नाही. शिवाय त्याचा स्थितिस्थापकतांक पोलादाच्या सुमारे निम्माच असल्याने तेवढ्याच जाडीची शलाका अधिक वाकते. तात्पर्य, प्रतिमेच्या सोयीसाठी केलेली निवड ही यांत्रिक निवडही ठरते. २००९ मध्ये पुढे आलेल्या सेमॅक व मॅव्हरिक या पद्धतींनी स्थानभ्रष्ट संकेत बऱ्याच अंशी मूळ जागी आणता येतात. मात्र त्यांस अधिक वेळ लागतो.

हा प्रश्न केवळ प्रतिमेच्या सुबकतेचा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर वेदना पुन्हा सुरू झालेल्या रुग्णात चेतामूळ दबले आहे काय, हे नेमके मळसूत्राशेजारीच पाहावयाचे असते, आणि छायाही तेथेच पडते. छायेत काही दिसले नाही, एवढ्यावरून तेथे विकृती नाही असा निष्कर्ष काढणे अयुक्त होय. दशकांपूर्वी बसविलेली धातू आजही रुग्णांच्या शरीरात आहे. म्हणून कोणती धातू, कोठे व केव्हा बसविली याची नोंद जपणे हे इतिहासाचे, तसेच चिकित्सेचेही काम आहे.